इरई, झरपट आणि कोळसा : खाणीखालच्या नद्यांचा इतिहास

चंद्रपूरच्या जन्माची आख्यायिका पाण्याचीच आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह शिकारीच्या नादात तहानेने व्याकूळ झाला. झरपट नदीच्या कोरड्या पात्रातील एका खळग्यातले पाणी तो प्याला, त्याने हातपाय धुतले, आणि अंगावरच्या गाठी नाहीशा झाल्या, असे सांगतात. त्या जागी अचलेश्वराचे देऊळ उभे राहिले; इरई-झरपटच्या संगमाशेजारी परकोट उठला. कथेची सत्यता बाजूला ठेवली, तरी एका राजधानीने आपले मूळ नदीच्या पाण्याच्या गुणात शोधले, ही गोष्ट उरतेच.

त्याच नद्यांच्या खाली कोळसा होता.

महाराष्ट्राच्या पश्चिम भागात हा प्रश्न उद्भवत नाही. नसरापूरला बनेश्वराशेजारून वाहणारी शिवगंगा लाव्हारसाच्या काळ्या पाषाणावरून जाते. त्या खडकात कोळसा नसतो. वर्धा खोऱ्यात मात्र त्याहून कितीतरी जुने गोंडवाना काळाचे वालुकाश्म पृष्ठभागाजवळ आहेत, आणि त्यांच्या थरांत कोळसा आहे. शिवाय हेच वालुकाश्म पाणी धरून ठेवतात. कोळसा काढायचा म्हणजे पाण्याची कोठीही फोडायची.

वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ मध्ये सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. तेथील काम भूमिगत होते. वरून नदीनाले जवळजवळ जसेच्या तसे वाहत राहिले. चित्र पालटले ते राष्ट्रीयीकरणानंतर. १९७३ मध्ये बिगर-कोकिंग कोळशाच्या खाणी सरकारकडे आल्या, १९७५ मध्ये नागपूरची वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड स्थापन झाली, आणि पुढील दशकांत खुल्या खाणींचे युग आले. दुर्गापूर, पद्मापूर, लालपेठ ही नावे चंद्रपूरकरांना शेजारपाजारच्या वस्त्यांइतकी परिचित आहेत.

खुल्या खाणीत आधी कोळशावरची सगळी दगडमाती उचलावी लागते. ती कोठेतरी टाकावी लागते, आणि नदीकाठची सपाट जमीन सोयीची असते. असा ढिगारा उभा राहिला की पहिल्या मोठ्या पावसात त्याच्या उतारावरून गाळ ओघळतो. दुसरीकडे खड्ड्यात झिरपणारे पाणी रात्रंदिवस पंपाने उपसावे लागते. भोवतालच्या विहिरींची पातळी खाली जाते आणि उपसलेले पाणी नाल्यात सोडले जाते. अमेरिकेच्या ॲपलाचिया भागात खाणीचे आम्लधर्मी पाणी हे मोठे संकट ठरले. गोंडवाना कोळशात गंधक तुलनेने कमी असल्याने येथे मुख्य शत्रू गाळ आहे. त्याच्या जोडीला सल्फेट आणि पाण्याचा जडपणा.

आता कायदा काय म्हणत होता, ते पाहण्यासारखे आहे. १९५७ च्या कोळसा खाण विनियमांनुसार नदी, कालवा किंवा तलाव यांच्या खाली, तसेच नदीकाठापासून १५ मीटरच्या आत, लेखी परवानगीवाचून खोदकाम करता येत नसे. वाचताना वाटते की नदीची काळजी घेतली आहे. वस्तुतः ही काळजी खाणीची होती : नदी आत घुसून कामगार बुडू नयेत म्हणून. हेतू रास्तच होता, पण त्यात नदी ही केवळ धोका म्हणून नोंदलेली आहे.

नदीच्या बाजूने बोलणारा कायदा नंतर आला, आणि त्यात महाराष्ट्र देशाच्या पुढे होता. राज्याचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ चा, तर केंद्राचा १९७४ चा. अमेरिकेत १९७२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील बफेलो क्रीक येथे खाणगाळाचा बांध फुटून १२५ माणसे मेली. १९७७ मध्ये तेथे खुल्या कोळसा खाणींसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि १९८३ च्या नियमाने ओढ्याकाठी १०० फुटांचा संरक्षित पट्टा आखला. भारतात कोळसा खाणींच्या सांडपाण्याची खास मानके २००० साली आली : तरंगता गाळ लिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नको, सामू ५.५ ते ९ च्या दरम्यान हवा. म्हणजे राष्ट्रीयीकरणानंतर सत्तावीस वर्षांनी.

२००९ मध्ये दोन गोष्टी घडल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथे आले, अर्थात प्रदूषणात. त्याच वर्षी कोळसा मंत्रालयाने खाणबंदीचा आराखडा सक्तीचा केला. खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये तारण खात्यात ठेवायचे आणि पुनर्भरण होईल तसे परत घ्यायचे. वरची सुपीक माती वेगळी साठवणे, ढिगाऱ्याच्या पायथ्याशी भिंत व भोवती चर, गाळ बसवण्याचे तलाव, मग गवत व झाडे, हा क्रम खाणशास्त्रात जुनाच होता. फरक इतकाच की त्यामागे आता पैसा अडकला.

इरईच्या काठी मात्र आधीचे ढिगारे उभेच होते. पात्र अरुंद व उथळ झाल्याची तक्रार शहरातले पर्यावरण कार्यकर्ते वर्षानुवर्षे करीत आले. २०१३ आणि २०२२ च्या पुरांत नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. पुराला अतिवृष्टी व धरणाचा विसर्गही कारण असतो. सारा दोष ढिगाऱ्यांवर टाकणे न्यायाचे नाही. पण पाण्याला पसरायला जागा किती उरली, हा प्रश्न ढिगाऱ्यांना टाळून विचारता येत नाही.

उपसलेल्या पाण्याचा उपयोग होऊ शकतो, हे नागपूरकडे दिसले. भानेगाव खाणीचे पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला देण्याचा करार झाला; पाटणसावंगीला खाणीचे पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटल्यांत भरले गेले. ज्या पाण्याने नाले गढूळ होत, तेच पाणी विकण्याजोगे निघाले.

खुल्या खाणीचा शेवटचा खड्डा बहुधा भरला जात नाही, कारण तेथे टाकण्याची माती कधीच दुसरीकडे ढीग होऊन बसलेली असते. तो पावसाने भरतो आणि गावाला तलाव मिळतो. त्यातील पाण्याची तपासणी खाण असेतो कंपनीच्या माथी असते. खाते बंद झाल्यावर त्या पाण्यावर उरतात गुरे, मासेमारी करणारे आणि काठावरची शेते.