पाळत घरातल्याच माणसाची

ऑनलाइन सुरक्षेचे बहुतेक सल्ले अनोळखी चोर गृहीत धरून दिलेले असतात. छळ करणारा पती किंवा जोडीदार मात्र अनोळखी नसतो. मुलांच्या जन्मतारखा, सासूचे माहेरचे आडनाव, पहिल्या शाळेचे नाव ही गुप्त प्रश्नांची उत्तरे त्याला पाठ असतात. पत्नीचा मोबाइल त्याच्या हाताशी असतो आणि पुष्कळदा सिमकार्डही त्याच्याच नावावर असते. म्हणूनच अशा घरातील स्त्रीला गोपनीयता जपण्याचे उपाय वेगळ्या क्रमाने योजावे लागतात.

पाळत कशी ठेवली जाते?

त्यासाठी संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नसते. व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ सुविधेमुळे एकीचे संदेश दुसऱ्याच्या संगणकावर उमटू शकतात. एकच गूगल किंवा ॲपल खाते दोन फोनांवर सुरू असेल, तर छायाचित्रे, संपर्क आणि फोनचे ठिकाणही उघड होते. बँकेकडे पतीचा क्रमांक नोंदलेला असल्यास प्रत्येक ओटीपी त्याच्याकडेच जातो. हेरगिरी करणारे छुपे ॲप बसविण्यासाठी फोन काही मिनिटे हाती लागणे सहसा पुरेसे असते. पर्समध्ये किंवा स्कूटरच्या डिकीत ब्लूटूथ ट्रॅकर ठेवण्याचाही प्रकार घडतो. अनोळखी ट्रॅकर सोबत फिरत असल्याचा इशारा देण्याची समान व्यवस्था ॲपल व गूगलने मे 2024 मध्ये आणली.

घाई धोक्याची

पाळत लक्षात येताच सारे पासवर्ड बदलावेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ताबा सुटतो आहे हे कळताच छळणारा अधिक हिंसक होऊ शकतो. छुपे ॲप घाईने काढल्यास पुरावाही नष्ट होतो. त्यामुळे पहिले पाऊल त्याचा हात कधीच न लागलेल्या फोनवरून, म्हणजे मैत्रिणीच्या, बहिणीच्या किंवा कार्यालयातील फोनवरून उचलावे. तेथे नवे ईमेल खाते उघडून त्याला द्विस्तरीय पडताळणी लावावी. धमक्यांचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह तेथेच जपावेत. जुना फोन नेहमीसारखाच वापरत राहावे. त्यावरील सगळा इतिहास एकदम पुसल्यास संशय येतो.

सुरक्षित ठिकाणी पोहोचल्यावर स्वतःच्या नावाचे सिमकार्ड घ्यावे. प्रत्येक खात्यातून इतर उपकरणे बाहेर काढावीत. पासवर्डबरोबर पुनर्प्राप्तीचा क्रमांक व ईमेलही बदलावा, अन्यथा नवा पासवर्डही हस्तगत होऊ शकतो. आयफोनमध्ये 2022 पासून ‘सेफ्टी चेक’ ही याच कामाची सोय आहे. बँक व आधारशी जोडलेला क्रमांक बदलावा आणि मुलांचे टॅब तपासण्यास विसरू नये.

कायद्याचे संरक्षण

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा विवाहसदृश संबंधांनाही लागू आहे. त्याच्या कलम 18 अन्वये न्यायदंडाधिकारी प्रतिवादीस दूरध्वनी वा इलेक्ट्रॉनिक माध्यमाने संपर्क साधण्यासही मनाई करू शकतात. स्त्रीच्या इंटरनेट वा ईमेल वापरावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार गुन्हा असून पहिल्या अपराधास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 क लागू पडते.

मात्र एक सावधगिरी हवी. पती-पत्नींमधील गुपचूप ध्वनिमुद्रित केलेले संभाषण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून सादर करता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिला. घरातील प्रत्येक शब्द न्यायालयात पोहोचू शकतो, हे ध्यानात ठेवूनच बोलावे.

मदत कोठे?

तातडीच्या प्रसंगी 112, महिला मदतीसाठी 181 आणि सायबर गुन्ह्यांसाठी 1930 हे क्रमांक आहेत. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये पोलिसांसमवेत सुरू केलेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष पुढे राज्यभर विस्तारला. तेथे समाजकार्यकर्त्या समुपदेशन करतात. हे क्रमांकही शक्यतो दुसऱ्याच फोनवरून लावावेत, कारण केलेल्या कॉलची नोंद मागे राहते.