स्वादुपिंडातील संप्रेरक-पेशी आणि रवंथ करणारे प्राणी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
गाय, मेंढी, सांबर, गवा या रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या स्वादुपिंडात दोन कार्ये शेजारी शेजारी चालतात. बहुतांश पेशी पाचकरस निर्माण करतात, तर त्यांच्यामध्ये विखुरलेली पेशींची लहान बेटे संप्रेरके थेट रक्तात सोडतात. हे शेजारच संशोधकांना कसे अडचणीचे ठरले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
पॉल लँगरहान्स यांनी १८६९ मध्ये बर्लिन येथे विद्यार्थिदशेतच या बेटांचे प्रथम वर्णन केले. त्यांचे कार्य मात्र त्यांना सांगता आले नाही. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो, हे मेरिंग व मिन्कोव्स्की यांनी १८८९ मध्ये दाखविले. १८९३ मध्ये लागेस यांनी बेटांना लँगरहान्स यांचे नाव दिले. तथापि त्यांतील द्रव्य हाती येईना. पाचकरसच ते नष्ट करीत असावा, असा टोरांटोच्या फ्रेडरिक बँटिंग यांचा तर्क होता. म्हणून त्यांनी व चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ च्या अखेरीस कत्तलखान्यातून गर्भस्थ वासरांची स्वादुपिंडे आणली. कारण त्या अवस्थेत पाचकरस पुरेसा निर्माण झालेला नसतो. त्यानंतर अल्कोहोलच्या साहाय्याने प्रौढ गुरांपासूनही अर्क मिळू लागला. जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला हा अर्क जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या रुग्णाला लागू पडला.

फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत गाईच्या इन्सुलिनची संपूर्ण रचना उलगडली. त्यातील ५१ अमिनो आम्लांपैकी केवळ ३ मानवी इन्सुलिनहून भिन्न आहेत. अशा साधर्म्यामुळे एका जातीच्या इन्सुलिनविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे दुसऱ्या जातीच्या ऊतीतील इन्सुलिनही बहुधा ओळखतात. याच तंत्राने वन्य प्राण्यांच्या बेटांतील इन्सुलिन, ग्लुकॅगॉन व सोमॅटोस्टॅटिन निर्माण करणाऱ्या पेशी वेगवेगळ्या दाखविता येतात.

समारोप :
मात्र येथे जुनीच अडचण पुन्हा उभी राहते. रानात मेलेल्या सांबराचे स्वादुपिंड स्वतःच्याच पाचकरसाने लवकर विघटित होते. कत्तलखान्यात मिळते तशी ताजी ऊती रानात क्वचितच लाभते. परिणामी वन्य प्राण्यांविषयी पाळीव गुरांवरून अनुमान करण्याचा मोह होतो. गाय व मेंढी यांच्या इन्सुलिनमध्येही एका अमिनो आम्लाचा फरक आहे, हे लक्षात घेता असे अनुमान सावधपणेच केले पाहिजे. वन्य प्राण्याच्या शवविच्छेदनात स्वादुपिंडाचा नमुना तत्काळ फॉर्मेलिनमध्ये ठेवणे, ही या इतिहासाने शिकविलेली साधी परंतु मोलाची दक्षता होय.