सहा फुटी टाकीचा सांधा

माझे वडील गिरगावात तसबिरींना काचा बसवून देत. त्याच दुकानात माशांच्या टाक्याही बनत. त्या काळची टाकी म्हणजे आधी लोखंडकाम. अँगल कापून चौकट वेल्ड करायची, तिला रेड ऑक्साइडचे दोन हात द्यायचे, तळाला कडप्पा टाकायचा आणि मग काचा आतून लांबीवर दाबून बसवायच्या. खिडकीच्या तावदानाला लागते तीच लांबी: खडूची पूड आणि जवसाचं तेल. टाकीसाठी मात्र वडील तिच्यात शेंदूर कालवत, म्हणजे ती पाण्यात टिकून राहते. शेंदूर म्हणजे शिसं, ते माशांना बाधू नये म्हणून सांध्यावर आतून डांबराचा हात फिरवत. पाणी भरलं की त्याच्या रेट्यानं काच लांबीवर आणखी घट्ट बसे. टाकी रिकामी राहिली की लांबी सुकून तिला चिरा पडत, आणि पुन्हा भरताच कोपरे पाझरू लागत. म्हणून जाणते शौकीन टाकी कधी कोरडी पडू देत नसत.

अशा टाकीची मजल दोन-तीन फुटांपर्यंत. त्याहून लांब चौकट वजनानं किंचित जरी पिळली, तरी लांबी सांधा सोडते. त्यामुळे गिऱ्हाईक मागे तेही बेतानं: गप्पी, मोली, गोल्डफिश, फार तर एंजलची जोडी. एंजल सिक्लिड कुळातलाच, पण तळहातात मावणारा. त्या कुळातले मोठे मासे घरात येण्याआधी काचेचा सांधा बदलावा लागला, हे मी ठामपणे सांगते. तो बदल मी दुकानात वाढताना पाहिला, आणि आज माझं पोट त्याच कामावर आहे.

दुसरी अडचण पाण्याची होती, आणि तिचं मूळ थेट लंडनमध्ये आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं १८५० मध्ये दाखवून दिलं, की एका भांड्यात पाणवनस्पती, मासे आणि गोगलगाई एकमेकांना जगवू शकतात. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं दालन उघडलं, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं मत्स्यालयावरचं पुस्तक आलं आणि इंग्लंडमध्ये या छंदाची लाट उसळली. वॉरिंग्टनचा तो समतोल शंभर वर्षांनंतरही आमच्या दुकानात सांगितला जायचा: व्हॅलिस्नेरियाच्या चार जुड्या लावा, दोन गोगलगाई सोडा, पाणी आपोआप निर्मळ राहील. लहान माशांपुरतं ते पुष्कळसं खरंही होतं. ऑस्कर या मोठ्या सिक्लिडपुढे मात्र यातलं काही चालत नाही. तो जुडी मुळासकट उपटतो आणि गोगलगाय गिळतो.

ऑस्कर हा ॲमेझॉन खोऱ्यातला मासा. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ स्पिक्स यांनी १८१७ ते १८२० या काळात ब्राझीलमधून जे मासे गोळा करून नेले, त्यांचं वर्णन त्यांच्या मृत्यूनंतर तरुण लुई अगासिझ यांनी पुरं केलं. १८३१ मध्ये ऑस्करची नोंद करताना त्यांनी तो समुद्रातला मासा धरला. बाटलीतल्या नमुन्यावरून इतका भक्कम मासा नदीतला वाटला नसेल, तर मला त्यात नवल वाटत नाही. ब्राझीलमध्ये लोक तो आवडीनं खातात. दुकानात दोन इंचांचं पिल्लू मिळतं आणि चांगलं पाणी लाभलं तर वर्षभरात ते फुटाच्या घरात जातं. एवढा मासा तीन फुटी टाकीत धड वळूही शकत नाही.

मोठ्या काचेमागे मोठा मासा पाहायचा तर गिरगावकरांना तारापोरवाला मत्स्यालय होतं. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. बांधकामाला आठ लाख रुपये लागले, त्यातले दोन लाख डी. बी. तारापोरवाला यांनी दिले. वडील आम्हाला तिथे नेत आणि माशांआधी काचेचे काठ दाखवत. भिंतीत बसवलेल्या त्या काचांना इमारतीचा आधार होता. घरात तसा आधार कोण देणार?

तो दिला सिलिकॉननं. अमेरिकेत १९६० च्या दशकात नुसती काचेला काच चिकटवून टाक्या होऊ लागल्या. आमच्याकडे ही रीत पुष्कळ उशिरा पोचली. नळी पहिल्यांदा फोडली तेव्हा दुकानभर व्हिनेगरचा वास पसरला. लोखंडाची चौकट नाही आणि टाकी उभी राहील, यावर वडिलांचा विश्वास बसेना. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानं धरतं, त्यामुळे मुंबईच्या हवेत हात चालवावा लागतो. वर साय धरली की मग सांध्याला बोट लावायचं नाही. काचेचे काठ घासून, पुसून अगदी कोरडे हवेत. आणि दोन काचा इतक्याही दाबायच्या नाहीत की मधलं सगळं सिलिकॉन बाहेर येईल, कारण ताण पेलतो तो मधला पातळ थरच. न्हाणीघरासाठी मिळतं ते बुरशीनाशक घातलेलं सिलिकॉन टाकीला कदापि लावू नये, मासे मरतात.

सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकीत सुमारे ६८० लिटर पाणी मावतं. पुढच्या एकट्या काचेवर साधारण ३४० किलोचा रेटा येतो. हा रेटा उंचीवर फार चढतो: उंची दुप्पट केली तर तो चौपट होतो. म्हणून मी लांबी-रुंदी मागेल तेवढी देते, उंचीवर मात्र अडून बसते. चार सुती काच, वरच्या काठाला आतून काचेच्या पट्ट्या, खाली थर्माकोल आणि स्टँड पाणसळीत. काच सव्वाशे किलो. वाळू, दगड, स्टँड धरले की टनाच्या आसपास वजन होतं. लाकडी तुळयांच्या जुन्या चाळीत मी एवढी टाकी बसवून देत नाही.

वनस्पती नाहीत तर पाणी राखणार कोण, याचं उत्तर विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास देऊन ठेवलं होतं. माशाच्या कल्ल्यांतून सुटणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू त्यांनी वेगळे काढून दाखवले. छंदात ते ज्ञान उतरायला अनेक दशकं गेली. आधी वाळूखाली चाळणी घालून पाणी वाळूतून ओढायची पद्धत आली. ऑस्करनं तीही मोडली, कारण तो तोंडानं वाळू उकरून चाळणी उघडी पाडतो. अखेर जिवाणूंचं घर टाकीबाहेर, वेगळ्या डब्यात गेलं. त्यांना तिथे वस्ती करायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा काळ थांबणारं गिऱ्हाईक मला सगळ्यांत प्रिय.

न थांबणारी माणसं फ्लॉवरहॉर्नबरोबर आली. मलेशिया-तैवानकडे १९९० च्या दशकात अमेरिकी सिक्लिडांच्या संकरातून हा मासा तयार झाला. डोक्यावरचा फुगा शुभ मानला गेला, आपल्याकडे त्याला वास्तुशास्त्राची जोड मिळाली आणि कुर्ल्याच्या बाजारात त्याला भाव चढला. भरभराटीसाठी आणलेला फूटभर मासा लोकांनी दोन फुटी टाकीत कोंडला. त्याचा मला आजही राग येतो.

परक्या नद्यांतले सिक्लिड आपण इतक्या हौसेनं पाळले, आणि तिलापिया तर १९५२ मध्ये देशात आणून जलाशयांतही पसरू दिला; पण आपल्या खाडीतला काळुंदर काचेत ठेवायचं फारसं कुणाला सुचलं नाही. ब्लॉख या निसर्गशास्त्रज्ञानं १७९० मध्ये त्याची नोंद केली. भारताच्या मोजक्या देशी सिक्लिडांतला तो एक, आणि त्याचे जवळचे भाऊबंद थेट मादागास्करमध्ये. नर-मादी दोघं मिळून अंडी राखतात. त्याच्याच कुळातल्या लहान नारिंगी माशांची पिल्लं त्याच्या अंगावरची घाण टिपून खाताना संशोधकांनी पाहिली आहेत. तो खाडीचं मचूळ पाणी सोसतो, गोड्या पाण्यालाही सरावतो. मी सध्या त्याच्यासाठी सहा फुटी टाकी आखते आहे. उंची दीडच फूट ठेवणार: काच कमी जाडीची चालेल, आणि वाचलेल्या पैशांत बाहेरचा डबा मोठा घेता येईल.