तळटीप : पंख, वीज आणि पट

* ‘पंख’ : विमानाला उचलणारा वारा शर्यतीच्या गाडीला जमिनीवर दाबतो, कारण पंख उलटा बसवलेला असतो. तो जास्त तिरका केला की वळणावर चाकांची पकड वाढते, पण सरळ रस्त्यावर वारा आडवा येतो. वेग दुप्पट, तर अडथळा चौपट. विजेचाही असाच हिशेब : २०१४ ते २०२५ च्या फॉर्म्युला वन शर्यतींमध्ये बॅटरीतून फेरीला ४ मेगाज्यूल वीज वापरता येई, पूर्ण १२० किलोवॉटने जेमतेम ३३ सेकंद. ती वळणातून बाहेर पडतानाच खर्चणे फायद्याचे, कारण तिथे मिळालेला वेग पुढच्या सबंध सरळ पट्ट्यावर साथ देतो. आमच्या यवतमाळकडच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, मात्र वळणच नाही. धुरकरी (गाडी हाकणारा) जोडीचा सगळा दम एका सरळ धावेत लावतो. — संपा.