हिरव्या टेबलासमोर

न्यूटनग्रेंजच्या जुन्या गल्ल्यांना बारसं नशिबी आलं नाही. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली, असे नुसते आकडे. दोन्ही बाजूंना विटांची एकसारखी बैठी घरं. एडिनबर्गहून आगगाडीनं अर्धा तासही लागत नाही आणि भाडं परवडतं, म्हणून मी इथं राहायला आले. गावाचा इतिहास मात्र शेजारच्या नव्वदी ओलांडलेल्या आजींकडून कळला, तोही बागेच्या कुंपणावरून, हप्त्याहप्त्यानं.

ही घरं मूळची लोथियन कोल कंपनीची. १८९० साली निघालेल्या या कंपनीनं लेडी व्हिक्टोरिया ही कोळशाची खाण खणली आणि तिच्याभोवती गाव वाढवलं. नोकरी कंपनीची, छप्परही कंपनीचं, भाडं पगारातूनच कापलेलं. म्हणजे साहेबाशी वाजलं की चूलही रस्त्यावर यायची. साहेब म्हणजे मंगो मॅके. १९३९ साली तो वारला, पण आजी अजून त्याचं नाव आवाज खाली आणून घेतात. त्याच्या कचेरीत एक हिरवं टेबल होतं. बागेत तण माजलं, पोरानं कुणाची खोडी काढली, की बापाला त्या टेबलासमोर उभं केलं जाई. खाणीतल्या कामाची चूक निराळीच! इथल्या जुन्या खाणकामगारांच्या आठवणींचं इयन मॅकडूगल यांनी पुस्तक केलं, त्याच्या नावातही मॅके आणि हे टेबल आहेच.

‘आमचे वडील पाळी संपवून आले की आधी कुदळ घेऊन बागेत,’ आजी सांगतात, ‘जेवण मागाहून.’

त्यानंतर अंघोळ. खाणीवर न्हाणीघरं यायच्या आधीची गोष्ट. शेगडीपुढे जस्ताचा टब मांडायचा, पाणी तापवायचं ते आईनं. अंगावरचे कपडे पोरींनी बाहेर नेऊन भिंतीवर आपटायचे, काळा धुरळा उडेपर्यंत. वडील सगळं अंग घासत, पाठ मात्र कोरडी. पाठ धुतली की कणा कमजोर होतो, ही खाणवाल्यांची पक्की समजूत. पगाराचं पाकीट न फोडता बायकोच्या हातात ठेवणारा तो खरा पुरुष, असाही इथला दंडक होता. त्यातून बायको त्याला हातखर्चाला देई.

तो हातखर्च जायचा कुठं? ‘डीन टॅव्हर्न’मध्ये. आणि इथं मला कंपनीचं डोकं मानावं लागतं. हा दारूचा गुत्ता तिनंच १८९९ साली काढला, स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या पद्धतीवर. भागधारकांनी भांडवलावर ५ टक्क्यांपर्यंत घ्यायचं, वरचा नफा गावाचा. त्यातून मैदान झालं, बोलिंगची हिरवळ झाली, सिनेमाघर झालं. मजूर दारू पिणारच, मग पिऊन गावाचं भलं तरी करू दे, असा हिशेब. पुण्य कंपनीच्या नावावर, पैसा मजुराच्या खिशातला.

१ जानेवारी १९४७ ला खाणी सरकारच्या झाल्या. आजींच्या वडिलांना वाटलं, आता खाण आपली. काही वर्षांत ते म्हणायला लागले, टेबल बदललं, उभं राहायची जागा तीच. १९८१ मध्ये लेडी व्हिक्टोरिया बंद पडली. ज्यांची नोकरी शिल्लक होती ते जवळच्या बिल्स्टन ग्लेन आणि मंकटनहॉलला गेले. तिथं त्यांना १९८४ च्या खाणकामगारांच्या वर्षभराच्या संपानं गाठलं. संपकऱ्यांसाठी सूप शिजवायच्या पातेल्यांपाशी आजीही होत्या. पुढं त्याही खाणी मिटल्या. संपात शिक्षा झालेल्यांना स्कॉटलंडच्या संसदेनं २०२२ साली कायदा करून माफी दिली. ‘माफी? कशाबद्दल?’ एवढंच आजी विचारतात आणि विषय बदलतात.

लेडी व्हिक्टोरियात आता खाणकामाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. डीन टॅव्हर्न चालूच आहे, नफा अजूनही गावातल्या संस्थांना जातो. तिथं बसणारे एक आजोबा नवख्या माणसाला हटकून ऐकवतात, ‘त्या बोलिंगच्या हिरवळीचा एक कोपरा माझा. पैसे मोजलेत मी, ग्लासाग्लासानं.’