अण्णा मध्येच थांबतात

आमच्या घरात एखादं यंत्र बिघडलं की दुरुस्तीची जबाबदारी आपोआप माझ्याकडे येते. माझ्या यंत्रज्ञानाचा याच्याशी काही संबंध नाही. मी बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकुनी करतो. पण आमच्या सौ.चं म्हणणं असं की, ‘तुम्ही दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसता, म्हणजे तुम्हाला कळलंच पाहिजे.’ या न्यायाने एस.टी.त बसणाऱ्या प्रत्येकाला इंजिन उघडता यायला हवं. अर्थात हे मी मनात म्हणतो.

या वेळचा बिघाड मात्र मनात म्हणून भागण्यासारखा नव्हता. अण्णांना जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. श्राद्धाला नातेवाईक जमणार होते आणि आईने एकच गोष्ट मागितली. अण्णा २०१२ साली तारखात्यातून निवृत्त झाले, तेव्हाच्या निरोप समारंभाचं माझ्या मामेभावाने नव्या कोऱ्या हाय डेफिनिशन कॅमेऱ्याने चित्रण केलं होतं. अण्णा बोलताहेत असं घरात तेवढं एकच चित्रण. ते तिला सगळ्यांबरोबर मोठ्या टीव्हीवर बघायचं होतं.

फाइल आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर, टीव्ही बाहेरच्या खोलीत, मधल्या बोळात राउटर. टीव्हीचं पेनड्राइव्हचं भोक चिरंजीवांनी लहानपणीच आइस्क्रीमची काडी मोडून कायमचं बंद केलेलं. तेव्हा चित्र वायफायनेच यायला हवं. आठ दिवस आधी मी रंगीत तालीम घेतली. पडद्यावर अण्णा उभे राहिले, चष्मा सारखा केला, म्हणाले, “मित्रहो, मी फार...” आणि थांबले. तोंड उघडं, हात हवेत, आणि नाकावर ते गोल फिरणारं चक्र. अर्ध्या मिनिटाने “...बोलणार नाही” एवढं म्हणाले आणि पुन्हा थांबले.

आई म्हणाली, “त्यांचं पहिल्यापासून असंच. बोलायला उभे राहिले की अडायचे.”

मला ते चित्र बघून १९८७ सालचे रविवार आठवले. ‘रामायण’ सुरू व्हायच्या आधी अण्णा गच्चीवर जाऊन अँटेना फिरवत आणि मी खिडकीतून ओरडून बातमी देई. “आलं का?” “आलं! आलं! गेलं!” मुंबईला दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी आलं, पण आमच्या घरी ते दर रविवारी नव्याने यायचं आणि जायचं. ‘रुकावट के लिए खेद है’ ही पाटी तर मी इतक्या वेळा वाचली की माझ्या हिंदीची सुरुवातच खेदाने झाली. पण त्या काळी खेद निदान सरकार व्यक्त करायचं. आता चक्र नुसतं फिरतं.

प्रथम मी सुशिक्षित माणूस करतो तेच केलं. इंटरनेट कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलाने राउटर बंद करून चालू करायला लावला आणि मग माझी चाळीस एमबीपीएसची योजना शंभरची करून दिली. महिन्याचं बिल वाढलं. अण्णा “मी फार...” याच्या पुढे गेले नाहीत. नंतर डोक्यात प्रकाश पडला की, आमच्या आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत येणाऱ्या चित्राचा बाहेरच्या इंटरनेटशी संबंधच काय? स्वयंपाकघरातलं ताट ओटीवर न्यायला उशीर होतो म्हणून मी मुंबई-पुणे रस्ता रुंद करून घेतला होता!

मग मी बँकेतली रीत धरली. ताळा जुळेना तर आम्ही सगळी वही फाडत नाही. एकेक रकाना तपासतो. फरकाला नवाने भाग गेला तर आकडे उलटसुलट लिहिले गेलेत असा संशय घेतो. तसं एकेक तपासलं. तीच फाइल कॉम्प्युटरवर सुरळीत चालली, म्हणजे फाइल निर्दोष. हलकी चित्रं टीव्हीवर सुरळीत आली, म्हणजे टीव्ही निर्दोष. राहिला रस्ता.

रस्त्यावरून माल किती जातो? अडीच जीबीची फाइल, वीस मिनिटांचं चित्रण. बाइटचे बिट करायला आठाने गुणायचं आणि बाराशे सेकंदांनी भागायचं. सेकंदाला सुमारे एक कोटी सदुसष्ट लाख बिट. आकडा ऐकून सौ. म्हणाली, “एवढं अण्णा जन्मात बोलले नाहीत.”

आणि हा दाबून बसवलेला माल बरं का! एका चित्रात १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला २५ चित्रं. गुणाकार येतो १,२४,४१,६०,००० बिट, दर सेकंदाला! ही गाठोडी बांधण्याच्या विद्येमागे आपला एक माणूस आहे. बंगळूरला जन्मलेले नसीर अहमद. अमेरिकेत कॅन्ससला प्राध्यापक असताना त्यांनी चित्र आटोपशीर करायची एक गणिती युक्ती सुचवली आणि संशोधनासाठी अनुदान मागितलं. युक्ती फारच सोपी आहे म्हणून अर्ज नामंजूर झाला. आमच्या कर्जविभागाबाहेर असला शेरा मारला जात असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर ती १९७४ साली प्रसिद्ध केली. आज घरोघरी दिसणारी चित्रं बहुतेक त्या युक्तीच्या किंवा तिच्या भावंडांच्या जोरावर पोचतात. शिवाय प्रत्येक चित्र पहिल्यापासून पाठवत नाहीत, मागच्यापेक्षा जे बदललं तेवढंच कळवतात. अण्णा स्तब्ध उभे असले तर फक्त मिशी पाठवली तरी काम भागतं.

अण्णांना यात नवल वाटलं नसतं. तारखात्यात शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना नंबर दिलेले असायचे. माणसाने नुसता नंबर सांगायचा, तार पोचली की तिकडे पूर्ण आशीर्वाद उमटायचा. शब्दाला पैसे पडतात ही जाणीव अण्णांच्या इतकी अंगात मुरली होती की घरातसुद्धा ते तारेतच बोलत. “जेवण. भूक.” एवढ्यावर आईने त्यांचा संसार केला. १५ जुलै २०१३ पासून देशातली तारसेवा बंद झाली. त्या दिवशी अण्णा काहीच बोलले नाहीत, म्हणजे एक नंबरसुद्धा नाही.

तर रस्ता. थोडं वाचल्यावर कळलं की, अडखळणं हे या विद्येच्या पाचवीला पुजलेलं आहे. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतल्या कॉम्प्युटरला पहिला संदेश गेला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. ‘एल’ पोचला, ‘ओ’ पोचला आणि पलीकडचं यंत्र आडवं झालं. इंटरनेटच्या पूर्वजाचा पहिला उद्गार ‘लो’ एवढाच. तासाभराने पूर्ण शब्द गेला. त्या मानाने “मी फार...” म्हणजे बरीच प्रगती.

वायफायचं घराणं मात्र हवाई बेटांवरचं. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी १९७१ साली बेटाबेटांवरची यंत्रं रेडिओने जोडली. नाव ‘अलोहा’. नियम साधा होता. मनात येईल तेव्हा बोला. दोघं एकदम बोलले आणि गोंधळ झाला, पोच आली नाही, तर आपापल्या मर्जीने थोडं थांबा आणि पुन्हा बोला. आमच्याकडे श्राद्धाच्या पंगतीत हीच पद्धत आहे. हिशेब केला तेव्हा दिसलं की, अशा बोलण्यात उपलब्ध वेळाच्या जेमतेम अठरा टक्केच कामी येतो. पंगतीत तेवढाही येत नाही. मग झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी यात सुधारणा केली. बोलण्याआधी कान देऊन ऐका, दुसरं कोणी बोलत असेल तर थांबा. या तारेवरच्या पद्धतीला त्यांनी १९७३ साली ‘इथरनेट’ नाव दिलं. हीच शिस्त पुन्हा हवेत नेली, तेव्हा १९९७ साली वायफायचा पहिला नियम ठरला. वेग सेकंदाला जास्तीत जास्त वीस लाख बिट.

म्हणजे घरातली हवा ही एकच खिडकी आहे. माझा कॉम्प्युटरही वायफायवर आणि टीव्हीही वायफायवर. अण्णांचं प्रत्येक वाक्य आतून राउटरपर्यंत एकदा आणि राउटरपासून टीव्हीपर्यंत पुन्हा एकदा, असं त्याच खिडकीतून दोनदा जात होतं. एकाच चेकसाठी दोनदा रांग!

त्यात राउटर कुठे ठेवला होता? दिसायला वाईट म्हणून सौ.ने तो लोखंडी कपाटावर, आजीच्या पितळी परातीमागे लपवला होता. धातूवरून लहरी माघारी फिरतात. माझे अण्णा परातीला धडकून परत जात होते. परात हलवल्यावर चित्र “बोलणार नाही” च्या पुढे “पण...” पर्यंत आलं आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हची घंटी वाजली. सौ. भाजी गरम करत होती.

हाही जुना शेजार निघाला. १९४५ साली अमेरिकेत पर्सी स्पेन्सर रडारच्या नळीजवळ उभे असताना त्यांच्या खिशातली मिठाई वितळली, आणि त्यातून ही भट्टी आली. भट्ट्या आणि तत्सम यंत्रांसाठी लहरींचा जो पट्टा सोडला होता, तो गोंगाटाचा म्हणून कुणाला नको होता. १९८५ साली अमेरिकन सरकारने असल्या पट्ट्यांत विनापरवाना बिनतारी यंत्रं चालवायला मुभा दिली. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याला ती २००५ साली मिळाली. भट्टी चालते २.४५ वर. म्हणजे वायफायला फुकट जागा मिळाली ती लोहाराच्या साळ्यात. तिथे बसून भाषण ऐकायचं म्हटल्यावर घण पडणारच.

सर्वात अवघड रकाना शेवटी निघाला. २००३ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की, वायफायवर एकच यंत्र संथ असलं तरी ते सगळ्यांना संथ करतं. कारण खिडकी प्रत्येकाला सारखी पाळी देते, सारखा वेळ नव्हे. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या कौंटरवर दर एक तारखेला एखादे आजोबा चिल्लरची पिशवी घेऊन येतात. पाळी एकच, पण मागची रांग दारापर्यंत. आमच्या घरातले असे आजोबा कोण? राउटरच्या यादीत नाव दिसलं. अण्णांचा जुना मोबाइल. आईने तो वर्षभर चार्ज करून गॅलरीतल्या त्यांच्या खुर्चीजवळ ठेवला होता, आणि तारखात्यातल्या निवृत्तांच्या गटावरून सुप्रभाताची चित्रफीत त्यावर अजून रोज उतरत होती. लांबून, हळूहळू.

मी तो हातात घेतला. आई नुसती बघत होती. मग म्हणाली, “बंद नको करूस रे.”

बंद केला नाही. बोळात राउटरशेजारच्या फळीवर ठेवला. जवळ आला की तोही भरभर बोलतो.

उरलं ते सोपं होतं. १९८६ साली कॅलिफोर्नियात जेमतेम चारशे यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग गर्दीने सेकंदाला ३२,००० बिटवरून ४० वर घसरला होता. शिपायाच्या हाती चिठ्ठी दिली असती तर लवकर पोचली असती. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर जो उपाय दिला, त्यासाठी नवे रस्ते बांधले नाहीत. पोच येईनाशी झाली की पाठवणाऱ्याने आपणहून हात आखडता घ्यायचा, एवढाच. तो उपाय मी घरातल्यांना लागू केला. कार्यक्रमाच्या वेळी चिरंजीवांचा खेळ बंद, भाजी गॅसवर. आणि कॉम्प्युटरपासून राउटरपर्यंत दहा मीटर केबल टाकली, म्हणजे हवेतली एक फेरी वाचली.

श्राद्धाच्या दिवशी जेवणं झाली. सगळे सतरंजीवर बसले. अण्णा उभे राहिले, चष्मा सारखा केला. “मित्रहो, मी फार बोलणार नाही.” एकही अडखळ नाही. खात्याचे आभार, साहेबांचे आभार, सायकलवरून तार वाटणाऱ्या पोऱ्यांचे आभार. मी मनातल्या मनात स्वतःला बढती देऊन टाकली. मग अण्णा म्हणाले, “आणि घरी...”

थांबले. तोंड उघडं, हात हवेत.

खोलीत चुळबुळ झाली. कोणीतरी म्हणालं, “अडकलं वाटतं.” चिरंजीव माझ्याकडे बघायला लागले. मी परातीच्या दिशेने उठलोच.

“बस,” आई म्हणाली. “चक्र कुठे फिरतंय? हे त्यांचंच आहे.”

मी बसलो. पडद्यावर अण्णांनी खिशातून रुमाल काढला, चष्म्याखालून फिरवला आणि परत ठेवला. म्हणाले, “घरी आता वेळेवर जाईन.” आणि खाली बसले.

आईने पुन्हा लावायला सांगितलं.