नारळ कधी मिळणार? आयबीएममधली कुजबुजीची सात वर्षं

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे काय' वगैरे काढलेत, बाकी जसंच्या तसं.)

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय थोडा जवळचा आहे, म्हणून सुरुवात स्वतःपासून करतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी हिंजवडीत एका मोठ्या कंपनीत होतो, नाव नको. एका सोमवारी कुणीतरी म्हणालं, "चौथ्या मजल्यावरच्या मीटिंग रूम शुक्रवारी दिवसभर एचआरनं बुक केल्यात." बस्स. त्या आठवड्यात आमच्या टीमनं काहीही काम केलं नाही. चहाच्या टपरीवर एकच विषय. बेंचवरचे आधी जाणार की जास्त पगारवाले? मॅनेजर आज हसला नाही, म्हणजे त्याला यादी माहीत असणार! माझ्या शेजारी बसणारा सीनिअर, ज्याचा फ्लॅटचा ईएमआय नुकताच सुरू झाला होता, तो रोज रात्री मला मेसेज करायचा: "काही कळलं का रे?"

शुक्रवारी काहीच झालं नाही. त्या रूम कसल्याशा ट्रेनिंगसाठी होत्या. नारळ मिळाले ते तीन महिन्यांनी, आणि त्या दिवशी कुजबुज अजिबात नव्हती.

तेव्हापासून मला एक प्रश्न पडलाय. हे फक्त आपल्याच पिढीला झालंय का? म्हणून वाचायला घेतलं, आणि पोचलो आयबीएमपाशी.

नोकरी म्हणजे सरकारी नोकरीच

आजच्या श्रोत्यांना आयबीएम म्हणजे काय होतं हे सांगावं लागेल. १९६४ मध्ये तिनं 'सिस्टीम/३६०' नावाचे मेनफ्रेम बाजारात आणले आणि पुढची कितीतरी वर्षं मोठा कॉम्प्युटर म्हणजे आयबीएमचाच, असं समीकरण होतं. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या खोऱ्यात पकीप्सी, ईस्ट फिशकिल, किंग्स्टन अशी गावं आहेत. तिथले कारखाने आणि ऑफिसं आयबीएमची. काही घरांत बापही तिथे, मुलगाही तिथेच.

या कंपनीची एक ख्याती होती: ती माणसं काढत नाही. १९३० च्या महामंदीत बाकीचे कारखाने बंद पडत होते, तेव्हा थॉमस वॉटसन यांनी आपले कारखाने चालू ठेवले आणि न विकलेली यंत्रं गोदामात साठवली. १९३५ मध्ये अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा कायदा आला. कोट्यवधी लोकांच्या नोंदी ठेवायच्या होत्या, आणि तयार यंत्रं होती आयबीएमकडे. माणसं सांभाळणं हा धंद्यालाही फायद्याचा सौदा ठरला.

पुढे एखादं काम संपलं की कंपनी माणसाला काढायची नाही, दुसरीकडे पाठवायची, नवीन काम शिकवायची. इतक्या बदल्या व्हायच्या की लोक गमतीनं म्हणायचे, आयबीएम म्हणजे 'आय हॅव बीन मूव्हड'. आपल्याकडच्या बँकवाल्यांना हे लगेच कळेल.

आता इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ही नोकरीची हमी म्हणजे प्रथा होती. करार नव्हता.

'ऐच्छिक' नावाची पाचर

१९८५ च्या सुमारास आयबीएममध्ये जगभरात सुमारे ४ लाख ५ हजार माणसं होती. हा कळस. पण खाली जमीन सरकत होती. छोटे, स्वस्त कॉम्प्युटर आले. गंमत म्हणजे १९८१ चा पर्सनल कॉम्प्युटर आयबीएमनंच आणला होता, पण त्यातली चिप इंटेलची आणि सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टचं. मलई तिकडे गेली. इकडे मेनफ्रेमवरचा नफा आटत गेला.

१९८६ पासून कंपनीनं लवकर निवृत्तीच्या योजना आणायला सुरुवात केली. कुणालाही काढलं नाही हं! 'ऐच्छिक' होतं सगळं. आपल्याकडच्या व्हीआरएससारखं. आणि इथूनच कुजबूज सुरू झाली.

विचार करा ना. तुम्ही ४८ वर्षांचे आहात. समोर पॅकेज आहे. आत्ता घ्यावं, की पुढच्या वर्षी चांगलं येईल? की पुढच्या वर्षी पॅकेजच नसेल आणि नुसताच नारळ मिळेल? याचं उत्तर कोण देणार? मॅनेजर देत नाही, बहुतेक वेळा त्यालाही माहीत नसतं. मग माणूस शेजारच्या टेबलाला विचारतो. त्याला माहिती मिळत नाही, म्हणून तो अंदाजांवर जगतो.

आणि अंदाज पसरवायला यंत्रणाही होती. आयबीएमचं स्वतःचं अंतर्गत नेटवर्क होतं, व्हीनेट. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते इंटरनेटच्या पूर्वज असलेल्या आर्पानेटपेक्षाही मोठं होतं. म्हणजे आपल्या आधी कितीतरी वर्षं या लोकांकडे ऑफिसचं ईमेल होतं.

१९९१ मध्ये या ईमेलनंच धमाल केली. कंपनीचे प्रमुख जॉन एकर्स मॅनेजरांच्या एका वर्गात चिडून बोलले: धंदा संकटात आहे आणि लोक मात्र फार निवांत आहेत. कुणीतरी त्याच्या नोट्स काढल्या, त्या आतल्या नेटवर्कवरून फिरल्या आणि थेट वर्तमानपत्रांत पोचल्या. बॉसचं मत कर्मचाऱ्यांना पेपरात वाचायला मिळालं! निवांत म्हणे. वर्षानुवर्षं टांगती तलवार बघणाऱ्या माणसाला हा शब्द कसा लागला असेल?

शेवटी तो दिवस

डिसेंबर १९९२ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की पुढच्या वर्षी आणखी २५ हजार जागा कमी होतील, आणि सक्तीची कपात टाळता येईलच असं नाही. १९९२ चा तोटा निघाला ४९७ कोटी डॉलर. एकर्स पायउतार झाले. मार्च १९९३ च्या शेवटी, ज्या हडसन खोऱ्यात कुणाला काढत नाहीत अशी ख्याती होती, तिथेच माणसांना काढलं गेलं.

१ एप्रिलला नवे प्रमुख आले, लू गर्स्टनर. ते आले होते ओरिओ बिस्किटं आणि सिगारेटी बनवणाऱ्या आरजेआर नाबिस्कोमधून. जुलैमध्ये त्यांनी आणखी ३५ हजार जागा कमी करण्याची घोषणा केली. त्यांचं म्हणणं होतं, करायचं ते एकदाच करा, थेंबथेंब नको. निर्णय क्रूरच होता. पण थेंबाथेंबाचा त्रास काय असतो हे त्यांना कळलं होतं, हे मान्य करावं लागतं. १९९४ अखेर माणसं उरली सुमारे २ लाख २० हजार.

कॅफेमधले तीन आरोपी

आता या गोष्टीतला मला सगळ्यात जास्त लागलेला भाग. रिचर्ड सेनेट नावाचे समाजशास्त्रज्ञ आहेत. काढून टाकलेले काही मध्यमवयीन प्रोग्रामर आपल्या जुन्या ऑफिसजवळच्या 'रिव्हर विंड्स' कॅफेत जमायचे. सेनेट त्यांच्यात जाऊन बसले आणि १९९८ च्या 'द करोजन ऑफ कॅरॅक्टर' या पुस्तकात त्यांनी ते लिहिलं.

या लोकांनी आपली गोष्ट दोनदा बदलली. आधी आरोपी होती कंपनी: हिनं आम्हाला फसवलं. मग आरोपी झालं जग: जागतिक अर्थव्यवस्था, आणि कमी पगारात काम करणारे भारतातले प्रोग्रामर.

इथे मी पुस्तक खाली ठेवलं. अरे, हे तर आपले लोक! १९७८ मध्ये आयबीएमनं भारत सोडला होता. ती जागा भरत आपल्याकडे नव्या कंपन्या उभ्या राहिल्या, इन्फोसिस तर १९८१ मध्ये आपल्या पुण्यातच सुरू झाली. १९९२ मध्ये आयबीएम टाटांबरोबर भागीदारी करून भारतात परत आली. आपल्या घरी जी 'आयटीतली संधी' होती, ती त्या कॅफेत 'आमची गेलेली नोकरी' होती. आणि आज आपण टपरीवर कुणाकडे बोट दाखवतो? एआयकडे, नाहीतर आपल्याहून कमी पगारात येणाऱ्या फ्रेशर पोरांकडे.

पण ते लोक तिथेही थांबले नाहीत. तिसरा आरोपी त्यांनी स्वतःलाच केलं. आपणच वेळेवर बाहेर पडायला हवं होतं, पश्चिम किनाऱ्यावरच्या छोट्या कंपन्यांत उडी मारायला हवी होती. सेनेट सांगतात की हे मान्य केल्यावर त्यांना जरा सावरता आलं. पण त्याची किंमतही होती. पूर्वी गावच्या कारभारात, शाळेच्या मंडळात भाग घेणारी ही माणसं त्या सगळ्यातून मागे सरली.

मला हा शेवट अर्धाच पटतो. होय, मेनफ्रेमचा नफा आटतोय हे दिसत होतं. कंपनीचे आकडे दर तिमाहीला छापून येत होते. पण त्या सात वर्षांत कुजबुजीचे प्रश्न दोनच: कोण आणि कधी. 'का' हा प्रश्न त्यांनी कॅफेत विचारला, नोकरी गेल्यावर. आम्हीही तेच केलं. मीटिंग रूमचं बुकिंग आम्हाला पाठ होतं. आमच्या सगळ्यात मोठ्या क्लायंटनं करार वाढवला नाही, ही बातमी कंपनीच्या वेबसाइटवर दोन महिने पडून होती. ती कुणी वाचली नव्हती. मीही नाही.

म्हणून आता माझा नियम साधा आहे. अफवा आली की ऐकतो, नाही कशाला म्हणू! पण त्याच दिवशी घरी जाऊन तिमाहीचा निकाल उघडतो. पैसा कुठून येतोय, कुठे आटतोय, आणि मी त्यातल्या कुठल्या बाजूला बसलोय? 'कोण' आणि 'कधी' माझ्या हातात नाही. 'का' मात्र मला आधीच कळू शकतं.

आणि हो, तो सीनिअर. त्याला नारळ मिळाला. चार महिन्यांनी दुसरीकडे लागला, पगार थोडा कमी. परवा भेटलो तर म्हणाला, "नोकरी गेली त्या रात्री मी नीट झोपलो रे. त्याआधीचे तीन महिने नव्हतो झोपलो."

तुमच्या ऑफिसात सध्या काय कुजबूज चालू आहे? कंपनीचं नाव न घेता व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकू. तोवर, काळजी घ्या, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला एकदा नीट विचारा, "झोप होते ना?"